शिवाशिव

आमच्या घरात दिवसभरात सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडणारा शब्द म्हणजे 'शिवू नकोस'. त्याची भावंडंही पुष्कळ. 'शिवलीस ना?', 'शिवलं, शिवलं!', 'अगं दुरून, शिवशील!', आणि सगळंच हाताबाहेर गेलं की 'झाली शिवाशिव!' ग्वाल्हेरात, शिंदे की छावनीतल्या आमच्या गल्लीत मराठी घरं चार-दोनच. आमच्या भिंतीला भिंत लागून श्रीवास्तव राहायचे, आणि त्यांच्या घरातल्या चाचींना मराठी नावालाही येत नव्हतं. कान मात्र तिखट. पहाटे आईचा आवाज सुरू झाला की त्या आपल्या सुनेला सुनवायच्या, "देख, मराठों के यहाँ सबेरे से शिव-शिव चालू हो गया. और एक हमारा घर है, आठ बजे तक खाट नहीं छूटती." आम्ही शंकराचे केवढे भक्त, अशी हवा त्यांनी मोहल्लाभर करून ठेवली होती. श्रावणी सोमवारी त्या आईला बेल आणून द्यायच्या. आई हात आखडून घेत "ऊपर से डालो, ऊपर से" म्हणायची, आणि चाचींना वाटायचं की हाही एखादा दक्षिणी विधी असणार, म्हणून त्या डोळे मिटून, भक्तिभावाने, बेल उंचावरून सोडायच्या. अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, हा घोटाळा पहिल्यापासून ठाऊक होता. मी एकदा विचारलं, सांगून टाकू का चाचींना खरं काय ते? तर म्हणाले, "कशाला? मोहल्ल्यात तेवढीच इज्जत आहे, तीपण घालवतेस?"

आई सोवळं पाळायची असं मी म्हटलं, तर सोवळं पाळणाऱ्या बाकीच्या बायकांवर अन्याय होईल. त्यांचं सोवळं स्वैपाक आटोपला, नैवेद्य दाखवला की सुटायचं. आईचं सुटतच नसे. चुलीत घालायची लाकडं ती धुऊन घ्यायची. मग ती ओली लाकडं धुमसत राहायची आणि आमच्या आमटीला, भाताला, अगदी दुधालासुद्धा धुराचा वास यायचा. तो वास नसलेली आमटी मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हती. गुळाची ढेप घरात आली की तिच्यावर पाणी पडायचं, आणि निम्मा गूळ मोरीतून मुंग्यांच्या वाट्याला जायचा. पण सगळ्यांत मोठं नाटक अंगणातल्या नळाचं. हात धुवायचे तर नळ उघडायला हवा. तो उघडला न धुतलेल्या हाताने, म्हणजे नळ बाटला. म्हणून हात धुऊन झाले की नळ राखेने घासायचा. घासताना हात बाटले, म्हणून परत हात. आता हे धुतलेले हात नळ बंद करणार, तर नळ नीट घासला होता ना? इथे येऊन आई थांबायची. वाहत्या पाण्याकडे बघत, ओठ हलवत, नुसती उभी राहायची. वारा बिर्लानगरकडून असला की गिरणीचा भोंगा ऐकू यायचा, तेव्हा ती दचकून हाक मारायची, "अगं, कुणीतरी नळ बंद करून जा गं!" जो बंद करायला जाई तो बाटला. त्याची आंघोळ.

हे सगळं मी आज हसत हसत लिहिते आहे, तेव्हा हसू येत नव्हतं. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. चालायला लागला होता, दुडुदुडु गल्लीत जायचा. उलट्या-जुलाब होऊन दोन दिवसांत गेला. कुणी तरी शहाणी बाई आईला म्हणाली, "बाहेरचं काही तोंडात घातलं असेल गं त्याने, लक्ष नको का ठेवायला?" बस, तेवढंच. त्या दिवसापासून आईने लक्ष ठेवायला जी सुरुवात केली ती थांबवणं तिला कधी जमलंच नाही. हे मला फार उशिरा, अण्णांकडून कळलं. लहानपणी आम्हाला एवढंच सांगितलेलं होतं की आईला धुण्याचा चळ आहे. गल्लीतले लोक 'वहम' म्हणायचे. मला विचाराल तर 'चळ' हाच शब्द खरा. वहम डोक्यात असतो. चळ हातापायांत शिरतो.

माझ्या हातात तो कधी शिरला ते मला सांगता यायचं नाही. एवढं आठवतं की मॅट्रिकच्या सुमारास दाराची कडी मी कोपराने काढायला लागले होते. जिन्याच्या कठड्याला हात लावत नसे. सवारीच्या टेंपोत कुणी शेजारी बसलं की अंग चोरून, श्वास रोखून, सगळे कपडे गोळा करून बसायची. घरी आल्यावर हात धुवायचे, आणि धुतले तरी आतून कुणीतरी म्हणायचं, नीट नाही धुतले, मरशील. मरशील! असं साधं, स्पष्ट. मला ठाऊक होतं की हे खोटं आहे. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, जंतू म्हणजे काय ते मी पुस्तकात वाचलं होतं. पण ठाऊक असून काय उपयोग? हात ऐकत नव्हते. थंडीत बोटांना चिरा पडून रक्त यायचं, अण्णा रात्री मुकाट्याने कोकमाचं तेल आणून समोर ठेवायचे. ग्वाल्हेरची थंडी, त्यात नळाचं पाणी, काय सांगू!

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी परीक्षेच्या सकाळी मी नळापाशी गेले आणि अडकले. आईसारखीच. पाणी वाहतंय, मी उभी. आत्ता निघू, आत्ता निघू. निघाले तेव्हा पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला होता, आणि मला आत घेतलं नाही. रडत घरी आले. त्या संध्याकाळी अण्णा माझ्यावर ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. खाली मान घालून म्हणाले, "बेटा, पुढच्या परीक्षेला पण असंच झालं तर मग कॉलेज बंद. तुझी आई म्हणून राहिली आहे की मुलीला घरी बसवा. मी किती दिवस नाही म्हणू?" घरी बसणं म्हणजे नळापाशी बसणं, हे मला लख्ख दिसत होतं. एका अंगणात एका नळाशी दोन बायका, एक म्हातारी आणि एक तरुण, आणि मग हळूहळू दोन्ही म्हाताऱ्या. त्या विचाराने मला जी भीती वाटली तेवढी कुठल्याच जंतूची कधी वाटली नव्हती.

मध्यंतरी ती मोठी साथ आली होती ना, तेव्हा टीव्हीवर रोज हात कसे धुवायचे ते शिकवायचे. इथे हरिशंकरपुरमात आमच्या कॉलनीतली भली भली माणसं दुधाची पिशवी साबणाने धुवायला लागली, भाजीवाल्याला "वहीं रख दो, दूर से" सांगायला लागली, आणि मी खिडकीत बसून बघत होते. सगळी कॉलनी माझ्या आईच्या हाताखाली शिकून आल्यासारखी! माझी नात आर्या म्हणाली, "आज्जी, तुला डर नाही लागत? सगळे इतने घबरा रहे हैं." मी म्हटलं, बाळा, माझा वाटा मी अठरा वर्षांची व्हायच्या आत घाबरून ठेवला आहे. हात मीही धुतले हो. डॉक्टर म्हणाले तेवढे. तेवढेच, आणि नळ बंद करून पुढच्या कामाला. ज्याला हे जमत नाही त्यालाच त्या 'तेवढेच'ची किंमत कळेल.

तर भदौरिया बहनजी. आमच्या कॉलेजात त्या मुलींना खेळ शिकवायच्या. भिंडकडच्या, आडव्या बांध्याच्या, आवाज असा की मैदानापलीकडची म्हैस उठून उभी राहावी. सुट्टीची घंटा झाली की कॉलेजच्या अरुंद फाटकातून एकदम दोनशे-तीनशे मुली बाहेर पडायच्या, आणि त्या लोंढ्यातून मी रोज कुणालाही न शिवता बाहेर यायची. डावा खांदा पाडून, उजवा पाय काढून, कमरेतून वळून, सुळकन. मला त्यात काही विशेष वाटत नसे, जन्मभर घरात तेच तर केलं होतं. एके दिवशी फाटकाबाहेर बहनजींनी मला गाठलं. "ए छोरी! कबड्डी खेली है कभी?" मी म्हटलं, नाही. "झूठ. ऐसे तो मेरी कप्तान भी नहीं निकलती." त्या हात धुवून माझ्या मागे लागल्या. मी आजारी आहे म्हटलं, घरून परवानगी नाही म्हटलं. शेवटी त्या थेट अण्णांच्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या. अण्णांनी आईला काय थाप मारली असेल? की डॉक्टरांनी मुलीला व्यायाम सांगितला आहे. आई कबूल झाली, एका अटीवर. मैदानावरून आलं की उंबरठ्याबाहेर, अंगणातच, अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ, आणि ती पुरे झाली की नाही ते आई ठरवणार. पहिल्या दिवशी ती मला "आणखी एक बादली, आणखी एक" म्हणत राहिली, अंधार पडेपर्यंत.

मैदानावर माझी काय तऱ्हा! चढाईला गेले की समोरच्या साती जणी माझ्यावर झेपावायच्या, आणि कुणाच्या हाती माझी ओढणीसुद्धा लागत नसे. मी त्यांच्या आख्ख्या पाल्यात, रेषेपलीकडच्या अर्ध्या मैदानात, फिरून, कबड्डी-कबड्डी म्हणत, सुखरूप परत. पण मीही कुणाला शिवलेली नसे! बहनजी कपाळाला हात लावायच्या. "सैर करने गई थी क्या? घूम-फिर के आ गई, किसी को राम-राम तक नहीं की!" पकडीच्या वेळी सगळ्यांनी हातात हात गुंफून साखळी करायची असते. माझ्या शेजारी शकुन असायची, बिर्लानगरच्या मिलच्या चाळीतली, तिचे वडील तिथे मागावर होते. तिचा हात धरायच्या ऐवजी मी तिच्या ओढणीचं टोक धरायची, आणि समोरची नेमकी तिथूनच निसटायची. शकुन एकदा पुस्तक घ्यायला आमच्या घरी आली होती. ती गेल्यावर आईने ती बसली ती खाट अंगणात काढून धुवायला घेतली, आणि तेवढ्यात शकुन विसरलेला रुमाल न्यायला परत आली. बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हारे यहाँ खटिया भी नहाती है?" आणि हसली. मी हसू शकले नाही. तिच्या हसण्यात काय होतं ते मला कळलं होतं, आणि आईचा मला त्या दिवशी मनस्वी राग आला. तो राग अजून पूर्ण गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

पण खेळायची तर ओढ लागली होती. मग मी एक युक्ती काढली. हात नाही तर नाही, पाय! चवड्याने हलकेच टाच-घोट्याला स्पर्श करायचा आणि मागे. पाय धुवायला सोपे, अशी मनाची समजूत. त्या चवड्यावर मी संघात आले, आणि आम्ही एकामागून एक सामने मारत गेलो. सगळ्या मुली मला 'लंगडी मराठन' म्हणायच्या आणि मला त्याचा कोण अभिमान!

कॉलेजांच्या स्पर्धेचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर झाला, बाहेरगावच्या एका कॉलेजशी. थंडी सरत आली होती, मैदान खणून पाणी मारून ठेवलेलं, तरी दुपारपर्यंत माती उडायला लागली होती. त्यांनी माझा चवडा आधीच हेरून ठेवला होता. मी गेले की साऱ्या जणी मागच्या रेषेला चिकटून उभ्या, पाय पोचेल अशा अंतरावर कुणीच नाही. आमच्या मुली एकेक करून बाद होत गेल्या, शकुनही गेली. सामना संपत आलेला, आम्ही दोन गुणांनी मागे, आमच्या बाजूला मी एकटी उरलेली आणि त्यांच्या बाजूला तिघी. रेषेबाहेर बसलेल्या शकुनने माझ्याकडे नुसतं पाहिलं. बहनजी मात्र घसा फोडून ओरडत होत्या, "हाथ लगा, छोरी! अरे हाथ काहे को दिए भगवान ने!"

मी दम भरला आणि आत गेले. कबड्डी-कबड्डी-कबड्डी. मधली जी उंच मुलगी होती, तिच्यापर्यंत पाय पोचत नव्हता. आणि मी हात पुढे केला. आज इतक्या वर्षांनीही मला तो तळहात आठवतो, उघडा, चिरा पडलेला. तो तिच्या मनगटाला लागला. ओलं, गरम, घामेजलेलं मनगट. तिने ते फिरवून माझाच हात धरला, दुसरी कमरेला बिलगली, तिसरी पायांवर पडली, आणि मी तोंडावर आपटले. माती तोंडात गेली. तिघींचा घाम, श्वास, केस, सगळं माझ्या अंगावर. आतला आवाज किंचाळला, मरशील! आणि काय गंमत बघा, मी मेले नाही. तोंडात माती घेऊन माझं कबड्डी-कबड्डी चालूच होतं. एकदम मनात आलं की आता राखायला काही उरलंच नाही, सगळं बाटलं, नखापासून केसापर्यंत. आणि त्याबरोबर इतकं हलकं वाटलं की मला हसू यायला लागलं, पण हसले तर दम तुटणार! मी त्या तिघींना पाठीवर घेऊन सरपटायला लागले. कोपर सोललं, गुडघा फुटला. मधली रेषा दिसत होती, हातभर, वीतभर. मी बोटं ताणली आणि रेषेला टेकवली.

पंचाने शिट्टी मारली. आणि मग मैदानात जो गोंधळ उठला! आमच्या साऱ्या जणी माझ्या अंगावर पडल्या, शकुनने माझा मातीने भरलेला चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळावर पापा घेतला. "पगली, जिता दिया!" बहनजी रडत होत्या आणि रडताना सगळ्यांना शिव्या देत होत्या. बाडा चौकातल्या हलवायाकडून कचोऱ्या आणल्या, आणि एकाच द्रोणातल्या रसाच्या बटाट्यात आम्ही साऱ्यांनी त्या बुडवून खाल्ल्या. हात कुणी धुतला नाही. त्या कचोरीची चव! धुराचा वास नसलेलं, माणसांच्या गर्दीत बसून खाल्लेलं, माझ्या आयुष्यातलं पहिलं अन्न. पोट दुखायची मी वाट पाहिली. दुखलं नाही. पुढे परीक्षा झाली आणि मी सगळ्या पेपरांना वेळेवर पोचले, हे इथेच सांगून टाकते. चळ एका दिवसात गेला असंही नाही, तो कुरकुरत कुरकुरत कित्येक महिने येत-जात राहिला, पण मालक कोण ते त्याला समजलं होतं. आणि आई? आई शेवटपर्यंत धूतच राहिली. तिच्या वेळी तिला कुणी मैदानावर नेलं नाही.

त्या संध्याकाळी भरलेल्या टेंपोत, दोन बायकांच्या मधे दाटीवाटीने बसून मी घरी आले. आई दारातच उभी होती. "थांब, तिथेच थांब! अगं बाई, हा काय अवतार!" अण्णा आत पेपर वाचत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. मी बादली भरली आणि अंगावर ओतली. एकदा. नळ बंद केला, हाताने, आणि उंबरठ्यापाशी आले.

"आणखी एक," आई म्हणाली.

"नाही."

"नाही म्हणजे काय? डोक्यात माती आहे अजून."

"असू दे थोडी. सकाळी न्हाईन."

 मी उंबरठा ओलांडून आत पाऊल टाकलं. आई दोन पावलं मागे सरकली, पदर सावरून, भिंतीला लागून. तिचे डोळे इतके घाबरलेले होते की क्षणभर मला वाटलं, परत फिरावं, आणखी चार बादल्या ओताव्यात, काय जातं आपलं? पण मी फिरले नाही. ती हळूच म्हणाली, "कोण कोण शिवलं तुला?"

"सगळ्या शिवल्या, आई. उरल्या होत्या तेवढ्या सगळ्या. अंगावरच पडल्या माझ्या."

"अरे देवा! मग?"

"मग त्या बाद झाल्या."

"त्या? तू नाही?"

"मी नाही. मी रेषेला पोचले. मग ज्या ज्या मला शिवल्या, त्या सगळ्या बाद."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. अण्णांनी आता पेपर खाली ठेवला होता. आयुष्यभर जिने दुसऱ्याचा शब्द मानला नाही, फक्त नियम मानला, ती बाई मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती, ते तिच्या ओठांवरून दिसत होतं.

"असा नियम आहे?" तिने अण्णांना विचारलं.

"हो," अण्णा म्हणाले. "पंच शिट्टी वाजवून सांगतो."

"नियमच असेल तर मग..." आई म्हणाली, आणि वळून स्वैपाकघराकडे चालू लागली. "चल, पाटावर बस. पान घेते तुझं."

आणि मी ओल्या कपड्यांनी, केसांत माती घेऊन, जाऊन पाटावर बसले.